मराठी नाव आधी

धर्मपाल तायडे यांच्या कार्यालयात एक रीत होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी सर्व चाचण्या चालवायच्या, आणि एखादी नापास झाली तर ज्याने ती चालवली त्याने ती सर्वांना ऐकू जाईल अशी वाचायची. वाचण्यासारखे काही असे, हेही खरे. इतरत्र चाचण्यांना तुटक, सांकेतिक नावे देतात. तायड्यांनी प्रत्येक चाचणीला क्रियापदासह एक पूर्ण मराठी वाक्य दिले होते. 'रिकामा अर्ज स्वीकारला जाऊ नये.' 'एका मुलीस दोन खोल्या मिळू नयेत.' जी गोष्ट तपासायची ती पूर्ण वाक्यात सांगता येत नसेल तर ती आपल्याला कळलेलीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि या म्हणण्यासाठी ते कोणाशीही वाद घालीत. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला मनुष्य निदान अमरावतीत तरी कोणी पाहिला नव्हता.

बुधवारी सकाळी आकांक्षा गावंडे हिच्यावर वाचण्याची पाळी आली.

"'मराठी नाव इंग्रजी नावाच्या आधी यावे,'" तिने वाचले. "नापास, सर. आपल्या इथल्या जुन्या मशीनवर पास होते. फक्त नव्या मशीनवर नापास."

नवे मशीन म्हणजे तिच्या टेबलावरची तळहाताएवढी काळी पेटी. अकोल्याच्या एका शिक्षणसंस्थेसाठी ती घेतली होती. संस्था मुलींची दोन वसतिगृहे चालवी, एक अकोल्यात आणि एक अमरावतीत. प्रवेशाचे काम मात्र अकोल्याच्या कचेरीतूनच होई, आणि त्या कचेरीच्या भिंतीला लागून डाळ मिल होती. तुरीच्या सालपटांची पूड संगणकाच्या पंख्यात जाऊन बसे. अकोल्याचा उन्हाळा, त्यात पंखा बंद. जुना संगणक एप्रिलातच निकामी झाला. म्हणून पंखाच नसलेली ही पेटी. तिच्यातला प्रोसेसर वेगळ्या घराण्यातला होता, मोबाइल फोनमध्ये असतो तसा. कार्यक्रम (सॉफ्टवेअरला तायड्यांचा हाच शब्द) तोच, पण तो या प्रोसेसरसाठी नव्याने बांधावा लागे आणि साऱ्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागत. शुक्रवारी अकोल्यात खोल्यांचे वाटप सुरू व्हायचे होते.

"नव्या मशीनले मराठीचं वावडं दिसते, भाऊ," पियुष म्हणाला. तो धंद्यातला भागीदार. हिशेब, गिऱ्हाईक आणि चहा ही तीन खाती त्याच्याकडे होती.

"यंत्राला वावडे नसते. यंत्रात दोष असतो, आणि तो शोधावा लागतो."

"शोधा ना, कोण नाई म्हणते. पण शुक्रवारनंतर शोधा. सध्या ही एक टेस्ट वगळू. लिहून देऊ का, अकोल्याच्या मशीनले लागू नाई."

"साक्षीदार प्रतिकूल बोलला म्हणून त्याला न्यायालयाबाहेर काढता येत नाही, पियुष."

"साक्षीदाराचं सोडा, गिऱ्हाईक बाहेर उभं हाय."

आकांक्षा हसली. तायडे हसले नाहीत. दुसरी कोणतीही चाचणी असती तर कदाचित त्यांनी दुपारपर्यंत विचार करायला वेळ घेतला असता. पण हे वाक्य त्यांचे सर्वांत आवडते वाक्य होते.

ज्या ज्या ग्राहकासाठी ते यादी करीत त्याच्या अर्जावर ते स्वतः एक सूचना घालीत: अर्जदार ज्या लिपीत सही करतो त्याच लिपीत त्याने आपले नाव लिहावे. आपले नाव कसे लिहायचे हे माणूस स्वतः ठरवतो, ते कार्यालयाने बदलू नये, असा त्यामागचा विचार. त्यामुळे यादीत काही नावे मराठीत असत आणि काही इंग्रजीत. आणि यादी लावली की मराठी नावे वर येत. या एका गोष्टीवर तायड्यांनी एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता. 'आमच्या यादीत मराठी नाव आधी येते,' असे त्यात होते. 'हे आपोआप घडलेले नाही. ते घडवले आहे. परभाषेने आखलेल्या यंत्रात आपल्या भाषेला पहिली ओळ मिळवून देणे हे कारागिराचे काम आहे, आणि ते आम्ही केले आहे.' लेख गाजला. बडनेऱ्यापासून चांदूर बाजारापर्यंत त्यांना व्याख्यानांची बोलावणी आली. अकोल्याच्या संस्थेचे सचिव नत्थुजी राऊत तो अंक पिशवीत घालून अमरावतीला आले, आणि वसतिगृहांचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाचा भाव न विचारता तायड्यांना दिले.

म्हणून ती चाचणी वगळणे शक्य नव्हते. दुपारी जेवणाच्या आधीच त्यांना उपाय सापडला. कार्यक्रम बांधताना एक सूचना देता येत होती, एका शब्दाची: अक्षरांना जुन्या प्रोसेसरसारखेच वागव. तायड्यांनी तो शब्द घातला, कार्यक्रम पुन्हा बांधला, आणि नव्या मशीनवर सर्व चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या.

"झालं," पियुष म्हणाला. "मी नत्थुजीले फोन लावतो."

"सर, एक विचारू का?" आकांक्षा म्हणाली. ती त्यांच्या पडद्याकडे पाहत होती. "या शब्दानं मराठी आधी कशी आली? त्यात मराठीचं तर काही नाही."

"नियम कार्यक्रमात आहे. हा शब्द केवळ नव्या यंत्राला तो नीट पाळायला लावतो."

"मी सकाळपासून पाहून राहिली. मले तो नियम कुठं सापडला नाही. मला वाटलं, माझंच काही चुकून राहिलं."

"दाखवतो," तायडे म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

नावांची तुलना करणारा भाग त्यांनीच लिहिलेला होता, फार वर्षांपूर्वी. तयार मिळणारा न वापरता हट्टाने स्वतः लिहिलेला. तो त्यांनी उघडला. लहानसा होता. एका नावाचे अक्षर घे, दुसऱ्या नावाचे अक्षर घे, ज्याचा आकडा कमी ते आधी. त्यांनी तो एकदा वाचला आणि मग पुन्हा वाचला. मराठी असा शब्द त्यात नव्हता, लिपी असा शब्दही नव्हता. मग जिथे तो नियम असू शकला असता अशी दुसरी ठिकाणे त्यांनी उघडली, आणि प्रत्येक ठिकाण उघडताना, तो तिथे नसणार हे त्यांना थोडे आधीच कळत गेले. आकांक्षा मागे उभी होती. तिने जावे असे त्यांना वाटत होते, आणि ती गेली असती तर आणखी वाईट वाटले असते.

शेवटी त्यांनी सांगितले. कारण समजलेली गोष्ट न सांगता बसणे त्यांना कधी जमले नव्हते. संगणकापाशी अक्षरे नसतात, आकडे असतात. इंग्रजी अक्षरांचे आकडे लहान, मराठी अक्षरांचे मोठे. जुन्या प्रोसेसरवर अक्षर ठेवण्याच्या खान्याचा अर्धा भाग शून्याच्या खालच्या आकड्यांसाठी राखलेला असे. मराठीचे मोठे आकडे वरच्या अर्ध्यात मावत नसत; ते खालच्या अर्ध्यात जाऊन पडत आणि उणे म्हणून वाचले जात. नव्या प्रोसेसरवर सगळा खाना शून्याच्या वरचाच. तिथे मोठा आकडा मोठाच राहतो, आणि यादीत मागे जातो.

"म्हणजे," आकांक्षा सावकाश म्हणाली, "मराठी आधी येत होती ती शून्यापेक्षा कमी धरली जात होती म्हणून."

"होय."

"आन् टेस्ट?"

चाचणीचेही त्यांना आता आठवले. पहिली नमुन्याची यादी लावली तेव्हा मराठी नावे वर आलेली दिसली. त्यांना आनंद झाला होता. का वर आली हे त्यांनी विचारले नाही. जे दिसले तेच हवे होते असे ठरवून त्यांनी ते वाक्य लिहिले. पुढे लेख लिहिताना क्रम उलटा झाला होता, आधी हेतू आणि मग फळ. आणि तो उलटा क्रम इतक्या व्यासपीठांवरून सांगून झाला होता की खरा क्रम आठवायला आज एक चाचणी नापास व्हावी लागली.

"ती मी नंतर लिहिली," ते म्हणाले. "निकाल पाहून."

पियुष फोन हातात धरून थांबला होता. "बरं मग काय झालं? कोणाचं काय गेलं? वर आलं तर आलं. यादीच तर हाय."

आकांक्षा पडद्याकडेच पाहत होती. मग तिने विचारले, "सर, संस्थेत दोन मुलींचे मार्क सारखे झाले तर खोली नावावरून देतात ना?"

"वर्णानुक्रमे. संस्थेचा तसा ठराव आहे."

"मी अर्ज केला होता. अमरावतीच्या होस्टेलले. कॉलेजच्या पहिल्या वर्षाले." ती खाली बसली. "एकच खोली राहिली होती. मी आणि आमच्या मूर्तिजापूरची रागिणी, दोघींचे मार्क सारखे. खोली तिला भेटली. मी म्हटलं, आकांक्षा आणि रागिणी, यात रागिणी आधी कशी येते? कोणत्या पाटीवर र आधी येते?"

"तुम्ही नाव इंग्रजीत लिहिले होते," तायडे म्हणाले.

"मी सही इंग्रजीत करते."

"आणि त्यांनी मराठीत."

"ती मराठीत करते." आकांक्षाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. "मी सगळ्यांले सांगितलं का तिच्या बाबानं वशिला लावला. ते रेल्वेत आहेत, बडनेऱ्याले, युनियनमधी. मोठ्या लोकांत उठबस आहे त्यांची. मी तिच्या तोंडावर सांगितलं. मग मी सगळं कॉलेज मूर्तिजापूरहून येणं-जाणं केलं आणि ती होस्टेलमधी राहिली. एका वर्गात होतो आम्ही. एका बेंचवर नाही बसलो."

पियुषने फोन खिशात ठेवला.

तायडे स्वतः वसतिगृहात राहून शिकलेले होते. ती खाट मिळाली नसती तर चांदूर बाजारच्या पुढे आपले शिक्षण गेले नसते, हे वाक्यही त्यांनी अनेक व्याख्यानांत वापरले होते. त्यांना आकांक्षाची क्षमा मागायची होती. पण ओठांवर जे वाक्य आले ते इतके नीट घडलेले होते की त्यांना त्याचीच लाज वाटली, आणि ते गप्प राहिले.

"भाऊ," पियुष म्हणाला, आवाज खाली आणून, "मशीनची चूक होती म्हणून सांगा. अन् ते खोटंही नाई."

खरेच ते खोटे नव्हते. प्रोसेसरचा स्वभाव त्यांनी ठरवलेला नव्हता. ज्याला हे ठाऊक नाही असा कोणीही कारागीर एवढे सांगून सुटला असता, आणि सुटायला हवा होता. पण त्यांनी छापून सांगितले होते की हे आपोआप घडलेले नाही. यंत्राच्या आड उभे राहण्याची जागा त्यांनी स्वतःच, चांगल्या गद्यात, बुजवून टाकली होती.

त्यांनी नत्थुजींना फोन लावला आणि जे झाले ते सरळ सांगितले: नियम नव्हता, योगायोग होता, आणि त्याचे श्रेय आपण घेतले.

"तुमी लय नम्र हा, तायडे साहेब," नत्थुजी म्हणाले. "मोठ्या मानसाचं असंच असते."

"नत्थुजी, हा विनय नाही. वस्तुस्थिती आहे."

"बरं, असंन. योगायोगानं का होईना, नियम चांगला हाय. आता तुमाले समजलं ना कसं कराचं ते? मंग आता मुद्दाम करा. मराठी आधी. मी इथं लोकाईले तुमचा लेख वाचून दाखवला हाय, मायबाप भांडाले आले का दाखवतो. आता बदलून तुमी मले तोंडघशी पाडू नका."

तायड्यांनी फोन ठेवला. त्यांनी न केलेली गोष्ट आता त्यांना खरोखर करता येणार होती. तो एक शब्द तसाच ठेवायचा. किंवा त्याहून चांगले, नियम स्पष्ट लिहायचा, दोन्ही मशीनवर सारखा चालणारा. ग्राहकाची मागणी आहे. लेखातले प्रत्येक वाक्य आजपासून खरे होईल. पुढच्या व्याख्यानात एक शब्दही बदलावा लागणार नाही. हा विचार त्यांना किती गोड वाटला हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी आकांक्षाकडे पाहिले नाही.

मग त्यांनी तो शब्द काढून टाकला. नावांची तुलना करणारा आपला जुना भाग काढला. समान गुण आले की कार्यक्रमाने नाव पाहायचेच नाही. थांबायचे, दोन्ही नावे संस्थेपुढे ठेवायची, आणि निर्णय माणसांनी घ्यायचा, असे त्यांनी लिहिले. जुनी चाचणी पुसून नवी लिहायला त्यांनी आकांक्षाला बसवले. वाक्य तिनेच करावे, असे म्हणाले. तिने लिहिले: 'मार्क सारखे असले तर कॉम्प्युटरने ठरवू नये.' 'मार्क' आणि 'कॉम्प्युटर' हे दोन्ही शब्द तायड्यांना खटकले. त्यांनी ते तसेच राहू दिले. चाचणी जुन्या मशीनवर हिरवी झाली आणि नव्यावरही.

"अन् हे नत्थुजीले कोण सांगंन?" पियुषने विचारले.

"मी. उद्या मशीन घेऊन जातो. त्यांना हवे नसेल तर ते घेणार नाहीत."

"तेच तर भेव हाय, बापा," पियुष म्हणाला.

आकांक्षा म्हणाली की तीही येईल. मशीन बसवायला कोणीतरी लागेलच.

संस्थेची कचेरी म्हणजे लांब, अंधारी खोली होती. डाळ मिल सुरू होती. जमिनीतून तिची थरथर पायांना कळे, आणि टेबलावरच्या काचेवर पिवळसर पुडीचा थर होता. नत्थुजींनी उपरण्याने दोन खुर्च्या झटकल्या आणि चहा सांगितला. ते सत्तरीचे, उंच, धोतर-सदऱ्यातले गृहस्थ होते. त्यांनी तायड्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, मध्ये बोलले नाहीत.

"म्हणजे मी लोकाईले खोटं वाचून दाखवलं," ते म्हणाले.

"मी खोटे लिहिले. ते लिहिताना मला खरे वाटत होते, पण हा बचाव होत नाही. पाहणे माझे काम होते आणि मी पाहिले नाही."

"तुमचं तुमी पाहा. माझं मले पाहू द्या." नत्थुजींनी चहाचा कप दूर सारला. "मानसं येत, साहेब. माझी पोरगी काऊन मांगं राहिली म्हणत. मी तो अंक काढो आन् वाचो. मोठ्यानं वाचो. असं चांगलं लिवलेलं असलं का समोरचा मानूस गप बसते. एक मूर्तिजापूरचे गावंडे आले होते. त्याईले वाचून दाखवलं. मी म्हटलं, पोरीचं नाव इंग्रजीत काऊन लिवलं मंग? तो मानूस म्हणे, पोरीले सही मीच इंग्रजीत शिकवली, मले वाटलं पुढं कामी येईन. आन् मंग हात जोडले त्यानं मले. माफी मागितली. माझी. आन् चपला घालून गेला."

आकांक्षा मशीनच्या तारा जोडत होती. तिचे हात थांबले.

"नत्थुजी," तायडे म्हणाले, "या आकांक्षा गावंडे."

नत्थुजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिले. त्यांचे तोंड थोडे उघडले आणि मिटले. एवढ्या वयाच्या माणसाला इतके उघडे पडलेले पाहणे बरे नव्हते, आणि तायड्यांनी टेबलावरच्या काचेकडे नजर वळवली. तीत त्यांचाच चेहरा होता, पुडीखाली.

"मले बाबानं हे सांगितलं नाही," आकांक्षा म्हणाली. "घरी आले तर एवढंच म्हणाले, नाही झालं. मी विचारलं काऊन, तर उठून गोठ्यात गेले. मले वाटलं, वशिल्याचं सांगाची लाज वाटून राहिली त्याईले."

"पोरी," नत्थुजी म्हणाले. मग त्यांनी उपरण्याने ते नवे मशीन पुसले, जरी त्यावर अजून काही बसलेले नव्हते. "लावा," ते तायड्यांना म्हणाले. "सारखे मार्क आले का थांबवा त्याले. आमी बसू आन् ठरवू. शिव्या खाऊ. जुन्या पोरीईचं काय कराचं तेही बसून पाहा लागंन." आणि जरा थांबून, "तो अंक मी आता ठेवत नाई इथं. तुमी घेऊन जाता का?"

तायड्यांनी अंक घेतला. नको म्हणणे अधिक अप्रतिष्ठेचे झाले असते.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बोरगाव मागे पडले. तायडे मनात वाक्य जुळवीत होते. मूर्तिजापूरला उतरायचे, आधी गावंड्यांच्या घरी जायचे, मग रागिणीच्या. दोन्ही घरी आपला परिचय द्यायचा आणि सांगायचे की या प्रकरणात तुमच्यापैकी कोणाकडूनही काही अनुचित घडलेले नाही. जे अनुचित घडले ते माझ्याकडून. 'प्रकरण' हा शब्द त्यांनी काढला. 'अनुचित' राहू दिला. मग तोही काढला. वाक्य लहान होत गेले तसे ते अधिक चांगले होत गेले, आणि अधिक चांगले होत आहे हे कळूनही त्यांना थांबता येईना.

"मी तुमच्याबरोबर उतरतो," ते म्हणाले. "हे माझ्या तोंडून गेले पाहिजे. तुमच्या वडिलांपुढे, आणि रागिणींच्याही."

"नका येऊ, सर."

"का? चूक माझी आहे. ती मी—"

"तुमची आहे. कोण नाही म्हणते." ती रागावलेली नव्हती, थकलेली दिसत होती. "पण तुमी आले तर तुमीच बोलसान. चांगलं बोलसान. बाबा नुसते हो हो करतील, आणि शेवटी हात जोडतील. मले त्याईचं ऐकायचं आहे. त्याईनं मले इतके दिवस काऊन नाही सांगितलं ते."

तायड्यांपाशी यावर उत्तर होते. ते गप्प राहतील, कोपऱ्यात बसतील, विचारल्याशिवाय एक शब्द बोलणार नाहीत, असे त्यांना सांगता आले असते. आणि ते खरे करून दाखवता येईल की नाही, याविषयीही त्यांना बाजू मांडता आली असती. त्यांनी तोंड उघडले, आणि तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिले.

"आणि रागिणींकडे?" त्यांनी विचारले.

"तिच्याकडे मले एकटीलेच जावं लागते. ते तर माझं आहे. ती फोन उचलत नाही माझा. दारात उभी राहीन. दुसरं काय करीन."

गाडीचा वेग कमी झाला. आकांक्षा पिशवी घेऊन दाराकडे गेली. तायडेही उठले, सवयीने म्हणा किंवा सौजन्याने, आणि तिच्यामागे दारापर्यंत आले. ती उतरली. फलाटावर जाऊन तिने वळून पाहिले नाही. गर्दीतून वाट काढत ती पुलाकडे गेली आणि पायऱ्यांवर दिसेनाशी झाली.

खालून एक बाई टोपले वर चढवीत होती. "भाऊ, उतरता का?" तिने विचारले.

"नाही," तायडे म्हणाले, आणि तिला वाट देण्यासाठी दारातून बाजूला झाले.